एकच जाळी, एकच जागा

माझा भाचा नेरूळला राहतो, सातवीत आहे आणि गेल्या दिवाळीपासून सोसायटीच्या पोडियमवर चाकांची हॉकी शिकतोय. पहिल्याच आठवड्यात त्याला गोलमध्ये उभं केलं. कारण उघड होतं: त्याला धड स्केटिंग येत नव्हतं. गल्लीत क्रिकेट खेळताना आपणही हेच करायचो. ज्याला बॅटिंगही जमत नाही आणि बोलिंगही, त्याला विकेटमागे उभं करायचं आणि वर चेंडू अडवला नाही म्हणून त्यालाच शिव्या घालायच्या.

पण पोरगं रमलं. मग त्याला मोबाइलवर बर्फावरच्या हॉकीचे व्हिडिओ सापडले आणि एका रविवारी त्याचा फोन आला. "मामा, नुसतं गोलमध्ये उभं राहून पैसे मिळतात का रे?" मी काही बोलायच्या आत बहिणीनं फोन ओढून घेतला. "दादा, त्याला आणखी काही भरवू नकोस हं, परीक्षा तोंडावर आलीय."

आता, हा प्रश्न त्यानं बरोबर माणसाला विचारला होता. मी राहतो ठाण्यात, पाचपाखाडीला, आणि अनेक वर्षं ऐरोलीत अमेरिकन वेळेवर नोकरी केली. तिकडे संध्याकाळी सातला सामना सुरू झाला की हिवाळ्यात आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. शिफ्ट संपवून घरी यायच्या बसमध्ये बाकीचे घोरायचे आणि मी फोनवर बर्फ बघायचो. खेळाचे नियमही धड कळत नव्हते तेव्हापासून माझं लक्ष एकाच माणसावर असायचं, जाळीपुढच्या त्या जाडजूड माणसावर. सगळे पळत असतात, हा वाट बघत असतो. त्याची नोकरी नेमकी काय असते, ती मिळते कशी आणि जाते कशी, हे भाच्याला समजावलं तसंच इथे लिहितो.

खेळाबद्दल आधी थोडंसं. प्रत्येक संघाचे पाच जण बर्फावर पळतात आणि सहावा गोली. उत्तर अमेरिकेतली सर्वांत मोठी व्यावसायिक स्पर्धा म्हणजे नॅशनल हॉकी लीग, एनएचएल. तिथलं मैदान २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असतं. चेंडूऐवजी पक असतो: कडक रबराची चकती, तीन इंच व्यासाची, एक इंच जाड. उसळ्या मारू नये म्हणून सामन्याआधी ती गोठवतात. वजन म्हणाल तर आपल्या लेदरच्या चेंडूएवढंच, दीडशे ते एकशे सत्तर ग्रॅमच्या मधलं. आणि गोल सहा फूट रुंद, चार फूट उंच. हॉलमधला सहा बाय चारचा दिवाण कुशीवर उभा करून ठेवा, तेवढाच. फुटबॉलच्या गोलपुढे हा म्हणजे खुराडं. त्यात हा माणूस पायाला, छातीला, हातांना एवढं काही बांधून उभा असतो की पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, आता गोल जाणार तरी कुठून?

जातो, कारण वेळच नसतो. चांगला फटका ताशी १६० किलोमीटरच्या पुढे जातो, म्हणजे सेकंदाला ४४ मीटर. आक्रमणाच्या हद्दीची निळी रेषा गोलपासून ६४ फुटांवर असते. तिथून मारलेला पक गोलीपर्यंत यायला साधारण अर्ध्या सेकंदाहून थोडा कमी वेळ लागतो. जोरदार फास्ट बोलरचा चेंडू बॅट्समनपर्यंत यायलाही जवळपास तेवढाच लागतो, म्हणजे इथवर ठीक आहे. पण तोच फटका वीस फुटांवरून आला तर सेकंदाचा सातवा भाग हातात उरतो. डोळ्यांनी बघून हात हलवायला माणसाला सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतोच. हिशेब जुळत नाही. त्या अंतरावरून आलेला पक कोणी 'बघून' अडवत नाही. पक सुटायच्या आधीच गोली योग्य जागी उभा असतो आणि पक येऊन त्याच्यावर आदळतो. टीव्हीवर 'काय रिफ्लेक्स आहेत!' म्हणून ओरडतात ना, त्यातले बरेचसे रिफ्लेक्स नसतातच मुळी.

त्यात बघायला तरी मिळावं! ठाणे स्टेशनला सहाच्या गर्दीत तुम्ही इंडिकेटर वाचायला बघता आणि नेमका एक उंच माणूस पुढे येऊन उभा राहतो. गोलीपुढे प्रतिस्पर्धी संघाचा एकजण मुद्दाम तेवढ्याच कामासाठी उभा केलेला असतो. गोली त्याच्या काखेखालून, गुडघ्याजवळून, मिळेल त्या फटीतून पक शोधत राहतो.

सावली

योग्य जागी उभं राहायचं म्हणजे काय, हे भाच्याला शब्दांत सांगून पटेना. शेवटी दिवे घालवले आणि टॉर्च काढला. लहानपणी लाइट गेले की आपण भिंतीवर हाताचं हरिण करायचो, आठवतंय? हात भिंतीजवळ धरला तर हरिण बारकं, दिव्याकडे सरकवला तर तेच अख्खी भिंत व्यापतं. गोलीचं भूमितीचं पुस्तक एवढंच. पक म्हणजे दिवा, गोल म्हणजे भिंत, आणि स्वतःची सावली गोलभर पडेल असं उभं राहायचं. गोलरेषेला चिकटून उभं राहिलं तर दोन्ही बाजूंना फटी दिसतात. चार-पाच फूट पुढे आलं की मारणाऱ्याला जाळी दिसेनाशीच होते.

मग सरळ पुढेच येऊन का उभं राहायचं नाही? भाच्यानंही लगेच विचारलं. मी टॉर्च झटकन खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेला, आणि हरिण भिंतीवरून गायब. पक आडवा पास झाला की दिवा क्षणात हलतो. जितकं पुढे आलेलं असाल तितकं जास्त अंतर कापून नव्या सावलीत पोचावं लागतं. किती पुढे यायचं आणि कधी मागे सरकायचं, हे शिकण्यात गोलीची पंधरा-वीस वर्षं जातात. म्हणूनच ज्याला स्केटिंग येत नाही त्याला गोलमध्ये टाकणं हा शुद्ध वेडेपणा आहे. बाकीचे लांब धावतात. गोलीला दोन-तीन फुटांच्या आत सुटायचं आणि थांबायचं असतं, तेही बर्फावर, अंगावर पंधरा-वीस किलोचा संसार घेऊन. पात्यांच्या कडांवर त्याच्याइतका ताबा संघात फार थोड्यांचा असतो.

खाली बसण्याची जी पद्धत आज सगळीकडे दिसते, तिला बटरफ्लाय म्हणतात. वज्रासनात बसा आणि पावलं बाहेरच्या बाजूला फाकवा, साधारण तसं. दोन्ही पॅड आडवे पडून बर्फालगत भिंत होते. एनएचएलमध्ये पॅडची रुंदी ११ इंचांपेक्षा जास्त चालत नाही, म्हणजे खालचे ११ इंच बंद. वरचं राखायला छाती, एका हातातला झेलायचा मोजा आणि दुसऱ्या हातावरचा चौकोनी ब्लॉकर. ग्लेन हॉल यानं १९५० च्या दशकातच ही रीत वापरली होती. पण तिची लाट आणली ती मॉन्ट्रियलच्या पॅट्रिक रुआ यानं. (स्पेलिंग बंगाली रॉयसारखंच, पण माणूस क्यूबेकचा, त्यामुळे उच्चार फ्रेंच.) १९८६ मध्ये विशीतल्या रुआनं पहिल्याच पूर्ण हंगामात स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाचा करंडक, जिंकून दिला आणि त्या बाद फेरीचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. त्यानंतर क्यूबेकमधलं प्रत्येक पोर गुडघ्यावर बसायला लागलं.

रीत वगैरे गुंडाळून ठेवणारेही होते. चेक गोली डॉमिनिक हाशेक मासोळीसारखा तडफडायचा, स्टिक सोडून द्यायचा, पाठीवर पडून पाय वर करायचा. कोणत्याच प्रशिक्षकानं मुलांना शिकवू नये असं सगळं. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये उपांत्य सामन्यात कॅनडाच्या पाचही पेनल्टी त्यानं अडवल्या, अंतिम सामन्यात रशियाला एकही गोल करू दिला नाही आणि चेक संघ १-० नं सुवर्ण घेऊन गेला.

जागा किती?

आता नोकरीकडे येऊ. एनएचएलमध्ये संघ ३२. प्रत्येक संघात गोली दोन. झाल्या ६४ जागा. ठाण्यातल्या एका बऱ्या मंगल कार्यालयात पहिल्या पंगतीला यापेक्षा जास्त माणसं बसतात. त्या ६४ मधले सामन्यात प्रत्यक्ष उभे राहतात ते निम्मेच, कारण जाळी एक आहे. फॉरवर्ड चांगला असेल तर त्याला पहिल्या फळीत नाही तर तिसऱ्या, चौथ्या फळीत खेळवता येतं, दिवसाला दहा मिनिटं का होईना. गोलीला अशी 'थोडी' जागा नाही.

या करिअरमधलं जे जे विचित्र आहे, ते सगळं या एका गोष्टीतून निघतं.

पहिलं म्हणजे निवड. दरवर्षी १८ च्या आसपासच्या मुलांचा ड्राफ्ट होतो. संघ पाळीपाळीनं नावं उचलतात, सात फेऱ्या चालतात. फॉरवर्डच्या बाबतीत पहिल्या काही निवडी सहसा चुकत नाहीत. गोलीच्या बाबतीत मोठमोठे जाणकार तोंडावर आपटतात. २००० सालचंच बघा. त्या वर्षी अगदी पहिलं नाव पुकारलं गेलं ते रिक डिपिएट्रो या गोलीचं. न्यूयॉर्क आयलंडर्सनी त्याला पुढे २००६ मध्ये १५ वर्षांचा, पावणेसात कोटी डॉलरचा करार दिला. मग दुखापतींनी त्याला गाठलं, खुबा, गुडघा, एकामागून एक. २०१३ मध्ये संघानं करार मोडला, पण मोडायची भरपाई म्हणून त्याला दरसाल १५ लाख डॉलर २०२९ पर्यंत द्यायचे ठरले. त्याच ड्राफ्टमध्ये, पार मागच्या पंगतीला, २०५ व्या क्रमांकावर एक स्वीडिश पोरगा उचलला गेला. हेन्रिक लुंडक्विस्ट. त्याच न्यूयॉर्कच्या रेंजर्सकडून तो ४५९ सामने जिंकला आणि २०२३ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. वर सांगितलेला हाशेक १९९ वा होता. २०२५ मध्ये लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरलेला गोली कॉनर हेलेबक १३० वा. सर्गेई बोब्रोव्स्कीला तर ड्राफ्टमध्ये कोणी उचललंच नाही. त्यानं फ्लोरिडाकडून २०२४ आणि २०२५ असे लागोपाठ दोन स्टॅनली कप जिंकले.

असं का होतं? अठराव्या वर्षी पायांचा वेग दिसतो, उंची दिसते. पण समोरचा काय करणार हे आधी ओळखायची नजर दिसत नाही, कारण ती अजून आलेलीच नसते. ती हजारो फटके खाऊन येते. त्यात ज्युनिअर पातळीवर फटके हळू असतात आणि फसवे कमी, त्यामुळे तिथला वाघ वर जाऊन मांजर होऊ शकतो. त्यामुळे ड्राफ्ट झालेला गोलीही लगेच वर जात नाही. खालच्या अमेरिकन हॉकी लीगमध्ये दोन-तीन वर्षं बसचा प्रवास आणि स्वस्त हॉटेलं, आणि वरच्या संघातला कोणी लंगडला की फोन. बावीस-तेविसाव्या वर्षी बाकीचे खेळाडू रुळलेले असतात तेव्हा गोली दारात उभा असतो. टिम थॉमसचं उदाहरण तर टोकाचं. १९९४ मध्ये २१७ व्या क्रमांकावर निवड, मग खालच्या लीगा, फिनलंडला जाणं, परत येणं, पुन्हा फिनलंड. बोस्टनमध्ये कायमची जागा मिळाली तेव्हा तिशी उलटून गेली होती. २०११ मध्ये ३७ व्या वर्षी त्यानं स्टॅनली कप जिंकला आणि त्या बाद फेरीत सर्वोत्तम खेळाडू ठरला. चाळिशीच्या आत निवृत्त व्हायच्या या खेळात हे म्हणजे सेवानिवृत्तीच्या निरोपसमारंभात बढतीचं पत्र हातात पडण्यासारखं.

बेंच

ऐरोली-महापेच्या पट्ट्यात काम केलेल्या कोणालाही 'बेंच' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पगार चालू, कार्ड स्वाइप चालू, काम नाही. दुसऱ्या गोलीची स्थिती हीच. लागोपाठ दोन रात्री सामने असले की त्यातला एक त्याच्या वाट्याला येतो. बाकी दिवशी तो सरावात सगळ्यांत जास्त फटके खातो आणि सामन्यात डोक्याला टोपी घालून बाकड्याच्या टोकाला बसतो, आत-बाहेर जाणाऱ्यांना दार उघडून देतो. मला सुरुवातीला तो संघाचा कोणी कर्मचारी वाटला होता.

आपल्याला हे दुःख नवीन नाही. पद्माकर शिवलकरांनी मुंबईसाठी वर्षानुवर्षं विकेट घेतल्या, प्रथम श्रेणीत ५८९, पण बिशनसिंग बेदींच्या काळात डावखुऱ्या फिरकीची खुर्ची एकच होती. शिवलकर कसोटी खेळले नाहीत ते नाहीतच. विकेटकीपरचं तर आणखी जवळचं उदाहरण. किरण मोरे ४९ कसोटी खेळले, त्याच काळातले आपले चंद्रकांत पंडित ५. गोलीच्या धंद्यात प्रत्येक संघात, प्रत्येक हंगामात हे चालू असतं.

आणि खुर्चीवर बसलेल्यालाही झोप नसते. मार्क-आंद्रे फ्लेरी २००३ च्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला आणि, डिपिएट्रोच्या उलट, खराही उतरला. २००९ मध्ये त्यानं पिट्सबर्गला स्टॅनली कप जिंकून दिला. २०१६ मध्ये हंगामाच्या शेवटी डोक्याला मार लागला, तेवढ्या काळात मॅट मरी नावाच्या नवख्यानं जागा धरली आणि कप जिंकला. २०१७ मध्ये मरी जखमी, म्हणून फ्लेरीनं सुरुवातीच्या फेऱ्या काढून दिल्या. मरी बरा झाला, फ्लेरी परत बाकड्यावर, आणि संघ पुन्हा विजेता. बर्फावर कप हातोहात फिरत होता तेव्हा फ्लेरीनं तो मरीच्या हातात दिला. काही दिवसांत लास वेगासच्या नव्याकोऱ्या संघानं त्याला उचललं, आणि पहिल्याच हंगामात तो त्यांना घेऊन अंतिम फेरीत पोचला. सर्वोत्तम गोलीचा पुरस्कार त्याला मिळाला तो २०२१ मध्ये, ३६ व्या वर्षी. मला विचाराल तर सगळ्यांत आवडता गोली हाच.

आता एका गोलीवर सगळा भार टाकायची पद्धतही मोडत चालली आहे. न्यू जर्सीचा मार्टिन ब्रोडूर लागोपाठ दहा हंगाम ८२ पैकी ७० किंवा जास्त सामने खेळला. ६९१ विजय आणि १२५ शटआउट, म्हणजे एकही गोल न खाल्लेले सामने. हे दोन्ही विक्रम आज कोणाच्या आवाक्यात दिसत नाहीत, कारण आता पहिल्या गोलीलाही साठाच्या आतबाहेर सामने देतात. दुसऱ्या गोलीला त्यामुळे थोडा श्वास मिळाला आहे.

गोलीची किंमत ठरवतात अडवलेल्या फटक्यांच्या प्रमाणावर. शंभरातले ९० अडवणारा आजकाल साधारण सरासरीचा. ९२ अडवणारा हिरा. दोन टक्क्यांनी काय होतं, असं कोणी म्हणेल, पण दहावीच्या निकालात ९० आणि ९२ मधला फरक काय असतो हे ठाण्यातल्या आईबापांना मी काय सांगणार! एका सामन्यात ३० फटके धरले तर ६० सामन्यांत झाले १८००. पहिला त्यात १८० गोल खाईल, दुसरा १४४. हे ३६ गोल म्हणजे संघ बाद फेरीत जाणं किंवा एप्रिलमध्ये घरी बसणं. अर्थात आकडा एकटा फसवतो. बचाव ढिसाळ असेल तर गोलीवर अवघड फटके जास्त येतात. म्हणून आता कोणत्या जागेवरून, कशा पद्धतीनं फटका आला यावरून 'इतके गोल जायला हवे होते' असा अंदाज बांधतात आणि गोलीनं त्यातले किती वाचवले ते मोजतात.

या आकड्यांवर पैसा ठरतो. सर्वांत वरच्या टोकाला रेंजर्सचा इगोर शेस्टर्किन, ज्याचा २०२४ च्या डिसेंबरमधला करार ८ वर्षांचा, ९ कोटी २० लाख डॉलरचा आहे. खालच्या टोकाला अनेकांच्या करारात दोन पगार लिहिलेले असतात: वर खेळलात तर इतका, खालच्या लीगमध्ये पाठवलं तर त्याच्या कितीतरी कमी. एका फोनवर पगार बदलतो.

अंग आणि डोकं

जुन्या काळी गोली तोंडावर काहीही न घालता उभे राहायचे. ऐकून खोटं वाटतं, पण टेरी सॉचकच्या चेहऱ्यावर चारशेच्या वर टाके पडले होते. १ नोव्हेंबर १९५९ ला न्यूयॉर्कमध्ये अँडी बॅथगेटचा फटका मॉन्ट्रियलच्या जॅक प्लांटच्या नाकावर बसला. आत नेऊन टाके घातले. प्लांट सरावात फायबरग्लासचा मुखवटा घालायचा, पण प्रशिक्षक टो ब्लेक सामन्यात घालू द्यायचे नाहीत. मुखवटा म्हणजे भित्रेपणा, अशी समजूत. आता प्लांट म्हणाला, मुखवटा घालू देणार असाल तरच बाहेर येतो. गंमत अशी की त्या काळी संघाबरोबर दुसरा गोली नसायचाच. ब्लेक यांच्याकडे उपाय नव्हता. जागा एकच असल्याचा फायदा एका गोलीला झाला असेल, तर तो त्या रात्री. मॉन्ट्रियल सामना ३-१ जिंकलं, त्या हंगामात कपही त्यांनीच घेतला आणि मुखवटा राहिला तो राहिला.

मुखवट्यानं तोंड वाचलं, डोक्याच्या आतलं मात्र नाही. ग्लेन हॉल लागोपाठ ५०२ सामने पूर्ण खेळला, ते सगळे मुखवट्याशिवाय, आणि सामन्याआधी त्याला ओकारी व्हायची. जवळजवळ प्रत्येक सामन्याआधी. गोल झाला की जाळीमागे लाल दिवा लागतो. तुम्ही-आम्ही ऑफिसात चूक केली की डोक्यामागे लाल दिवा लागला आणि हजारो लोक ओरडायला लागले तर कसं वाटेल, असा सवाल प्लांटच्या नावावर सांगतात. बाकीच्यांची चूक कोणी ना कोणी निस्तरतं. गोलीच्या मागे फक्त जाळी असते.

शरीराची किंमत हळूहळू वसूल होते, आणि ती मुख्यतः खुब्यात. मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीत फिरतो. बटरफ्लायमध्ये बसताना तो आतल्या बाजूला पिळला जातो, सरावात आणि सामन्यात मिळून दिवसाला शेकडो वेळा. गोळा वाटीच्या कडेला घासतो, कडेची कूर्चा फाटते. व्यावसायिक गोलींमध्ये खुब्याची शस्त्रक्रिया ही इतकी ओळखीची गोष्ट आहे की क्रिकेटमधल्या फास्ट बोलरच्या पाठदुखीसारखी. म्हणून लहान मुलांना तासन्‌तास गुडघ्यावर पाडायला लावू नये, हे मी भाच्याच्या सरांना आडून आडून सांगून पाहिलं. त्यांनी मान डोलावली. पुढच्या शनिवारी पोरं पुन्हा गुडघ्यावर.

अपमानाचंही एक शास्त्र आहे. गोलीचा दिवस वाईट असेल तर प्रशिक्षक त्याला तीन-चार गोलांनंतर बाहेर घेतो. त्यात थोडी दयाही असते. २ डिसेंबर १९९५ ला ती दया मॉन्ट्रियलच्या प्रशिक्षकांनी दाखवली नाही. डेट्रॉइटविरुद्ध रुआनं नऊ गोल खाल्ले तोवर त्याला आतच ठेवलं. मॉन्ट्रियलमध्ये, स्वतःच्या प्रेक्षकांसमोर. एक सोपा फटका अडवल्यावर लोकांनी टाळ्या वाजवून चिडवलं, तर त्यानं दोन्ही हात वर केले. शेवटी बाहेर काढल्यावर तो प्रशिक्षक मारिओ ट्रॉम्ब्ले यांच्यासमोरून चालत गेला आणि मागे बसलेल्या क्लबच्या अध्यक्षांना म्हणाला की मॉन्ट्रियलसाठी हा माझा शेवटचा सामना. सामना ११-१ असा हरले. चार दिवसांत रुआ कोलोराडोला गेला आणि त्याच हंगामात तिथे स्टॅनली कप जिंकला. आपल्याकडे राजीनामा देऊन दुसरीकडे जास्त पगारावर जाणाऱ्यांच्या कथा चहाच्या टपरीवर फार रंगवून सांगतात, पण यापुढे त्या फिक्या.

दोन्ही गोली जखमी झाले तर? भाच्यानं हे विचारलं तेव्हा मला खरंच आनंद झाला. २२ फेब्रुवारी २०२० ला टोरंटोमध्ये कॅरोलायना संघाचे दोन्ही गोली जायबंदी झाले. अशा वेळेसाठी तेव्हा स्टेडियममध्ये एक स्थानिक गोली तयार ठेवलेला असायचा, दोन्हीपैकी कोणत्याही संघाला लागला तर. त्या दिवशी तो होता ४२ वर्षांचा डेव्हिड एअर्स, बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र चालवणारा माणूस, ज्याला आईनं मूत्रपिंड देऊन वाचवलं होतं. पहिले दोन फटके आत गेले. त्यानंतरचे आठही त्यानं अडवले आणि कॅरोलायनानं टोरंटोला ६-३ हरवलं. तेही टोरंटोच्याच मैदानावर, जिथे तो एरवी त्यांच्याच लोकांबरोबर सराव करायचा.

राहता राहिला भाच्याचा मूळ प्रश्न. भारतात या खेळाची व्यावसायिक लीग नाही. खेळ जगतो तो मुख्यतः लडाखमध्ये, तोही थंडीत तळी गोठलेली असतात तेवढे थोडे आठवडे. तरीही आपल्या मुलींनी २०२५ मध्ये आशिया चषकात कांस्यपदक आणलं. उत्तर अमेरिकेत मुलींसाठी २०२४ च्या एक जानेवारीपासून स्वतंत्र व्यावसायिक लीग सुरू झाली आहे. नेरूळच्या पोराला तिथवर जायचं तर आधी बर्फ शोधायला लागेल, हे मी त्याला लपवलं नाही. बहिणीला ते ऐकून बरं वाटलं.

गेल्या महिन्यात सोसायटीच्या संघात ऐरोलीचा एक मुलगा आला. उंच, चपळ, भाच्याहून चांगला गोली. वाशीतल्या शाळेविरुद्धच्या सामन्यात सरांनी त्याला उभं केलं आणि भाचा पाण्याच्या बाटल्या सांभाळत बाकावर बसला. घरी परतताना पाम बीच रोडभर पोरगं गप्प होतं. मीही काही बोललो नाही. नेरूळचा सिग्नल लागला तेव्हा मागच्या सीटवरून आवाज आला.

"मामा, तो ना, फटका मारायच्या आधीच खाली बसतो. एक सेकंद थांबून वरून मारला तर दरवेळी जाईल."

"सरांना सांगितलंस?"

"त्यालाच सांगितलं. दुसऱ्या हाफमध्ये थांबला तो."